ल्यूकने शस्त्र टाकलं, तिथे गोष्ट संपली

'स्टार वॉर्स'च्या मूळ तीन चित्रपटांचा विषय निघाला की त्यांचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. १९८० चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' सर्वांत उत्तम, १९७७ चा पहिला सर्वांत महत्त्वाचा आणि १९८३ चा 'रिटर्न ऑफ द जेडाय' आपला तिसरा. जाणकार मंडळी या तिसऱ्याबद्दल बोलताना हात राखून बोलतात. अस्वलाच्या पिल्लांसारखे दिसणारे इवॉक, पुन्हा तोच डेथ स्टार म्हणजे ग्रह उडवणारा अवकाशतळ, शेवटी जंगलात शेकोटी आणि नाचगाणी. थोडक्यात, मुलांसाठी केलेला गोड शेवट, असा एकूण सूर असतो.

मला हा सूर अजिबात मान्य नाही. तिन्ही चित्रपटांतला सगळ्यात धाडसी निर्णय तिसऱ्यात आहे, त्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात. त्यानंतरच्या चार दशकांत त्या शेवटाची जी डागडुजी झाली, आधी मालिकेचे जनक खुद्द जॉर्ज लुकस यांच्या हातून आणि मग नव्या मालकांकडून, ती त्या शेवटावर भरवसा नसल्यामुळे झाली. म्हणून १९८३ मध्ये लोकांनी जो शेवट पाहिला तो आजच्या आणि उद्याच्या प्रेक्षकालाही पाहायला मिळाला पाहिजे, ही मागणी मला एका चित्रपटापुरती वाटत नाही.

आधी शेवटाबद्दल बोलू. दुसरा चित्रपट संपला तेव्हा प्रेक्षकांची बरीच उधारी बाकी होती. नायक ल्यूकचा मित्र हान सोलो कार्बोनाइटमध्ये गोठलेला. ल्यूकचा उजवा हात मनगटापासून तुटलेला आणि त्या जागी यांत्रिक हात. काळ्या मुखवट्यातला सम्राटाचा सरदार डार्थ व्हेडर याने ल्यूकला 'मी तुझा बाप' असं सांगितलेलं, आणि ते खरं की खोटं यावर लोक तीन वर्षं वाद घालत बसलेले. अशा वेळी तिसऱ्या भागाकडून अपेक्षा असते ती हिशेब चुकता करण्याची. वडिलांनी हात तोडला, मुलगा तयार होऊन परत येतो आणि उट्टं काढतो. नाटक-सिनेमात हजारदा चाललेली वाट. चित्रपटाचं नावसुद्धा आधी 'रिव्हेंज ऑफ द जेडाय' असंच जाहीर झालं होतं. पोस्टर छापली गेली, झलक चित्रपटगृहांत दाखवली गेली. प्रदर्शनाला काही महिने उरले असताना ते बदललं, कारण जेडाय, म्हणजे या कथेतला व्रतस्थ योद्धा, सूड घेत नाही. छापलेली पोस्टर बाजूला ठेवण्याइतका हा मुद्दा करणाऱ्यांना महत्त्वाचा वाटला होता, आणि चित्रपटाचा सगळा शेवट त्याच मुद्द्यावर उभा आहे.

या चित्रपटात दोष आहेत, ते मी झाकणार नाही. हानला कोंडून ठेवणाऱ्या गुंड जब्बाच्या महालातला भाग रंगतदार आहे, पण लांबतो. मुख्य कथेला वेग येईपर्यंत अर्धा तास निघून जातो. बंडखोरांच्या बाजूची राजकन्या लेया हिला त्या धातूच्या तोकड्या पोशाखात बसवणं हे कथेची गरज म्हणून झालेलं नाही. जब्बाचा गळा ती त्याच्याच साखळीने आवळते, ही भरपाई चांगली आहे, पण ती भरपाईच आहे. लेया ही ल्यूकची बहीण असणं हे तर उघडउघड मागाहून लावलेलं ठिगळ आहे. आणि दुसरा डेथ स्टार म्हणजे पहिल्याची पुनरावृत्ती, याला उत्तर नाही.

तरीही शेवट उभा राहतो, कारण त्याने मध्यभागी ठेवलेला प्रश्न खरा आहे. ल्यूकचे दोन्ही गुरू त्याला एकच सांगतात. योडा मरता मरता म्हणतो की व्हेडरला सामोरा गेल्याशिवाय तू जेडाय होणार नाहीस. ओबी-वानही तेच म्हणतो. सख्ख्या बापाला मी मारू शकत नाही, असं ल्यूक म्हणतो तेव्हा ओबी-वानचं उत्तर येतं की मग सम्राट जिंकल्यातच जमा आहे. कुरुक्षेत्रावर गांडीव खाली ठेवणाऱ्या अर्जुनाची आठवण आपल्याला इथे झाल्याशिवाय राहत नाही. समोर आप्त, हातात शस्त्र, आणि ज्याच्यावर विश्वास तोच सांगतोय की लढ. फरक पुढे पडतो. अर्जुन शस्त्र उचलतो. ल्यूक गुरूंचं ऐकून घेतो आणि शत्रूच्या सैनिकांना स्वतः शरण जातो, कारण बापात अजून काहीतरी चांगलं शिल्लक आहे अशी त्याची खात्री आहे. गुरूंना तशी खात्री नाही. लेयालाही नाही. प्रेक्षकालासुद्धा तोवर फारसा पुरावा मिळालेला नसतो.

आणि मग सिंहासनाची खोली. ते पाच-सात मिनिटांचं दृश्य नीट पाहायला हवं. सम्राट ल्यूकला खिडकीतून बाहेरची लढाई दाखवतो. बंडखोरांची जहाजं सापळ्यात अडकून एकेक करून जळत आहेत. तुझं शस्त्र इथे माझ्या बाजूला ठेवलंय, तू निःशस्त्र माणसाला मारू शकतोस, मार, असं तो हसत सांगत राहतो. इयान मॅकडायर्मिड तेव्हा चाळिशीच्याही आतला होता, पण मेकअपच्या थराखालून त्याचा आवाज जो झिरपतो त्यात शंभर वर्षांचा कुजकेपणा आहे. ल्यूकचा तोल एकदा जातो, तो सावरतो, लढायचं थांबवून अंधारात लपतो. व्हेडर त्याच्या मनातलं वाचतो आणि बहिणीचा विषय काढतो: तू वळला नाहीस तर ती वळेल. इथे ल्यूक ओरडत अंधारातून बाहेर येतो.

यापुढचं द्वंद्व चपळ नाही, सुंदर नाही. जॉन विल्यम्सने तिथे पुरुषी आवाजांचा कोरस वापरला आहे आणि तो विजयाचा वाटत नाही, शोकाचा वाटतो. ल्यूक नुसता घण घातल्यासारखे वार करत सुटतो. बाप मागे मागे सरकत कठड्याशी पडतो, आणि ल्यूक एका घावात त्याचा हात तोडतो. सम्राट खूश होऊन खाली येतो: आता याला संपव आणि याची जागा घे. आणि तेव्हा ल्यूक त्या तुटलेल्या मनगटातून लोंबणाऱ्या, धूर सोडणाऱ्या तारा पाहतो. मग स्वतःच्या काळ्या हातमोज्यातल्या यांत्रिक हाताकडे पाहतो. एवढंच. कुणी काही समजावून सांगत नाही. दुसऱ्या चित्रपटात डॅगोबा ग्रहावरच्या गुहेत त्याने व्हेडरच्या फुटलेल्या मुखवट्यात स्वतःचा चेहरा पाहिला होता. ती गोष्ट इथे येऊन जुळते. मार्क हॅमिलच्या चेहऱ्यावर त्या काही क्षणांत आधी दम लागल्याचा, मग भीतीचा आणि मग एक विलक्षण शांततेचा भाव येतो. तो लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, बंद करतो आणि बाजूला फेकून देतो. मी जेडाय आहे, माझ्या वडिलांसारखा, एवढं म्हणून तो सम्राटापुढे रिकाम्या हातांनी उभा राहतो.

या ठिकाणी एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वरवर बिनतोड वाटतो. ल्यूकच्या या कृतीने युद्धात काय फरक पडला? तिकडे जंगलात हान आणि लेया संरक्षक कवच उडवतात, लँडो आणि वेज हे बंडखोर वैमानिक डेथ स्टारच्या गाभ्यात शिरून तो फोडतात. ल्यूक तिथे नसता तरी सम्राट त्या स्फोटात मेलाच असता. म्हणजे नायकाची सगळी उठाठेव कथानकाच्या हिशेबात शून्य.

आक्षेपातली वस्तुस्थिती बरोबर आहे, आणि माझ्या मते तीच या शेवटाची ताकद आहे. लुकस आणि लॉरेन्स कॅस्डन यांनी पटकथेत युद्धाचा विजय आणि मुलाचा विजय जाणूनबुजून वेगवेगळे ठेवले. ल्यूकने शस्त्र टाकणं हा डावपेच असता, त्यामुळे युद्ध जिंकता आलं असतं, तर त्या कृतीची किंमत तिच्या फायद्यावर ठरली असती. इथे त्याला फायदा काहीच नाही. तो मरायला तयार आहे, आणि आपल्या मरण्याने मित्र वाचतील याचीही त्याला खात्री नाही. तरी तो मारायला नकार देतो. अहिंसेची इतकी स्वच्छ मांडणी कोट्यवधी लोकांनी रांगा लावून पाहिलेल्या चित्रपटात क्वचितच सापडेल, आणि तीही ज्याच्या शीर्षकातच युद्ध आहे अशा मालिकेत.

बदल घडतो तो एकाच माणसात. सम्राटाच्या बोटांतून निघणाऱ्या विजेखाली ल्यूक तळमळतोय, बापाला हाक मारतोय. व्हेडर शेजारी उभा. त्याचा मुखवटा हलत नाही, हलूच शकत नाही. आत डेव्हिड प्राउझ आहे, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा आहे, पण या क्षणी आवाजही नाही. दिग्दर्शक रिचर्ड मार्क्वँडने तिथे फक्त एक केलं: व्हेडर सम्राटाकडे पाहतो, मुलाकडे पाहतो, पुन्हा सम्राटाकडे पाहतो. काळ्या प्लास्टिकवर निळ्या विजेचा उजेड चमकतो. त्या निर्जीव पृष्ठभागावर आपण प्रेक्षक एका माणसाचं आयुष्य वाचतो. बापपण, लाज, उशीर झाल्याची जाणीव. मग तो सम्राटाला उचलतो. मुखवट्यामागचं मन प्रेक्षकाने स्वतः पाहायचं, अशी ती योजना होती. तीन चित्रपटांत आपण त्या मुखवट्याला घाबरायला शिकलो, आणि इथे त्याच मुखवट्यासाठी आपला जीव गलबलतो.

२०११ मध्ये ब्लू-रे आवृत्ती आली तेव्हा या जागी व्हेडरच्या तोंडी 'नो' घातलं गेलं. आधी एक हलकं, मग एक लांबलचक. जे प्रेक्षकाला कळत होतं ते आता ऐकवलं जाऊ लागलं. हा बदल काही सेकंदांचा आहे आणि मला तो सगळ्या बदलांत सर्वांत वाईट वाटतो. एखाद्या भावगीतात गायकाने जिथे मुद्दाम विराम घेतला आहे तिथे कुणी मागून टाळ वाजवावा तसा तो आवाज कानाला टोचतो.

त्याच्या आधीही बदल झालेच होते. १९९७ च्या 'स्पेशल एडिशन'मध्ये शेवटचं इवॉकांचं गाणं काढलं गेलं. त्याऐवजी विल्यम्सचीच नवी धून आली आणि टॅटुइन, बेस्पिन, कोरुसंट अशा ग्रहांवर लोक जल्लोष करताना दाखवले गेले. २००४ मध्ये त्यात नाबू ग्रहाची भर पडली. नवी धून चांगली आहे, हे मी मान्य करतो. आधीच्या बडबडगीतापेक्षा ती अधिक भारदस्त आहे. पण चित्राचा अर्थ बदलला. १९८३ चा शेवट एका जंगलातल्या शेकोटीभोवती संपतो. मोजकी माणसं, जिवाभावाची, एकमेकांना कडकडून भेटणारी. साम्राज्य सगळीकडे संपलं असा त्याचा दावा नाही. एका रात्रीत अख्ख्या आकाशगंगेत पुतळे पाडले जाताना दाखवलं की तो दावा होतो, आणि इतिहास पाहिलेल्या कुणालाही तो पटणार नाही. लहान शेवट खरा होता. तो मोठा करताना त्यातला खरेपणा पातळ झाला.

२००४ चा दुसरा बदल अधिक खोल जातो. शेकोटीपासून थोडं दूर ल्यूकला तीन आकृत्या दिसतात: ओबी-वान, योडा आणि त्याचे वडील. १९८३ मध्ये ते वडील म्हणजे सेबॅस्टियन शॉ, सत्तरी ओलांडलेला इंग्लिश रंगभूमीचा नट, ज्याचा फिकट, व्रणांनी भरलेला चेहरा आपण काही मिनिटांपूर्वी मुखवट्याखाली पाहिला होता. त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर आता व्रण नाहीत, एवढाच फरक. २००४ मध्ये त्या जागी हेडन क्रिस्टेन्सन आला, म्हणजे २००२ आणि २००५ च्या पूर्वकथांमधला, व्हेडर होण्याआधीचा तरुण अनाकिन. कारण असं दिलं गेलं की अनाकिन नावाचा माणूस तरुणपणीच मेला होता, म्हणून त्याचा आत्मा तरुण. हा विचार मला मान्य होत नाही. ल्यूकच्या वडिलांनी जे चांगलं केलं ते म्हातारपणी केलं, मरायच्या आधी काही मिनिटं केलं. ज्या माणसाने मुलाला वाचवलं, ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी मुलाला एकदा पाहायचं म्हणून मुखवटा काढायला लावला, त्यालाच शेवटच्या चित्रात जागा नाही. शिवाय ल्यूकने तो तरुण चेहरा आयुष्यात कधी पाहिलेलाच नाही. तो हसून कुणाकडे पाहतो आहे?

शेवट गोड आहे म्हणणाऱ्यांनी त्याआधीचं एक दृश्य पुन्हा पाहावं. बाकीचे सगळे आनंदात असताना ल्यूक रात्री जंगलात एकटा आहे. त्याने वडिलांचं चिलखतातलं शरीर चितेवर ठेवलं आहे आणि स्वतःच्या हाताने अग्नी दिला आहे. ज्या माणसाला सगळं विश्व राक्षस म्हणून ओळखतं त्याच्यासाठी रडणारा जगात एकच माणूस आहे, आणि ते त्याला इतर कुणाला सांगताही येणार नाही. आपल्या वाचकाला या दृश्याचं वजन वेगळं सांगायला नको.

पहिल्या दोन चित्रपटांचे निर्माते गॅरी कर्ट्झ यांनी पुढे सांगितलं होतं की शेवट आधी बराच उदास योजला होता आणि तो बदलल्यामुळे त्यांचे आणि लुकस यांचे मार्ग वेगळे झाले. हान सोलो मरावा असा आग्रह हॅरिसन फोर्डनेही धरला होता. त्यांचं म्हणणं मी समजू शकतो, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे: कुणीतरी मेल्याशिवाय शेवटाला गांभीर्य येत नाही. आजकाल मालिका आणि चित्रपटांत हे गृहीतक इतकं पक्कं झालंय की आवडतं पात्र मारणं हीच प्रगल्भतेची खूण मानली जाते. मारणं लिहायला सोपं असतं. माणूस बदलताना दाखवणं, आणि तेही चेहरा न दाखवता, हे अवघड. तिसऱ्या चित्रपटाने अवघड काम निवडलं.

इवॉकांनाही हसून सोडून देता येत नाही. साधी माणसं, भाले, ओंडके आणि दगड घेऊन यंत्रांच्या सैन्याला जंगलात नामोहरम करतात. व्हिएतनाम युद्धाच्या सावलीत ही कल्पना जन्मली, हे लुकस यांनी स्वतः सांगितलं आहे, आणि त्या युद्धात साम्राज्याच्या जागी त्यांच्या मनात त्यांचाच देश होता. एका अमेरिकन दिग्दर्शकाने अमेरिकेच्याच मुलांना हे दाखवलं, आणि मुलांनी अस्वलांच्या बाजूने टाळ्या वाजवल्या. अस्वलं गोंडस आहेत म्हणून ती गोष्ट हलकी ठरत नाही.

२०१२ मध्ये डिस्नेने लुकसफिल्म चार अब्ज डॉलरहून थोड्या अधिक किमतीला घेतली. त्यानंतर २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये पुढचे तीन भाग आले. त्यातल्या मधल्या भागाबद्दल मी आदराने बोलेन: वृद्ध ल्यूक शेवटी शत्रूसमोर उभा राहतो आणि एकही वार करत नाही, म्हणजे सिंहासनाच्या खोलीतला निर्णय तिथे कुणाला तरी आठवत होता. पण २०१९ च्या भागात सम्राट पॅल्पटिन जिवंत परत आला. कसा, याचं उत्तर पात्रांकडेही नीटसं नव्हतं. बापाने प्राण देऊन ज्याला संपवलं तो संपलाच नव्हता, असं सांगितलं की १९८३ च्या त्या कृतीतलं काय उरतं? उरतं असं मी मानतो, कारण ल्यूकच्या नकाराचं मोल आधीच निकालावर अवलंबून नव्हतं. पण सांगणाऱ्यांना ते कळलं होतं असं वाटत नाही. त्यांना ओळखीचा खलनायक हवा होता, आणि पुरी झालेली गोष्ट ही त्यांच्यासाठी पुन्हा उघडता येणारं दुकान होतं.

इथे प्रश्न येतो हक्काचा. लुकस यांनी चित्रपट बदलले ते स्वतःचे. कलावंताला आपलं काम पुन्हा हाताळायचा अधिकार नाही का? आहे. त्यांचं म्हणणं असं की त्या काळी पैसा आणि तंत्र अपुरं पडलं, मनातलं अर्धंच पडद्यावर आलं. हे म्हणणं प्रामाणिक आहे. आपल्याकडेही कितीतरी लेखकांनी आपल्या पुस्तकांच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. पण पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून ग्रंथालयातली पहिली कुणी उचलून नेत नाही. चित्रपटाचं तसं होतं. २००६ मध्ये डीव्हीडीच्या जोडीला मूळ रूपं दिली गेली, पण ती १९९३ च्या लेझरडिस्कच्या जुन्या प्रतीवरून काढलेली, आजच्या पडद्यावर पाहवत नाहीत अशी. ओटीटीवर तर बदललेलंच रूप आहे. आज पुण्यात किंवा शिकागोत एखादी मराठी मुलगी पहिल्यांदा हा चित्रपट लावते तेव्हा तिला व्हेडर ओरडताना ऐकू येतो आणि सेबॅस्टियन शॉ तिच्यासाठी त्या अखेरच्या चित्रात नसतोच. मूळ रूप पाहायचं तर जुन्या ३५ मिमीच्या प्रती मिळवून चाहत्यांनी हौसेने स्कॅन केलेल्या आवृत्त्या शोधाव्या लागतात, आणि त्यांना कायद्याचा आधार नाही.

यातली सर्वांत दुःखाची गोष्ट अशी की मूळ रूप जपण्याची बाजू एकेकाळी लुकस यांनीच सर्वांत जोरात मांडली होती. १९८८ च्या मार्चमध्ये ते अमेरिकेच्या काँग्रेससमोर साक्ष द्यायला गेले. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना मालक कंपन्या रंग चढवत होत्या, त्याविरुद्ध. नफ्यासाठी किंवा सत्ता गाजवण्यासाठी कलाकृती आणि सांस्कृतिक वारसा बदलणारे रानटी आहेत, इतक्या कडक शब्दांत ते बोलले. त्याच वर्षी चित्रपट जतनाचा कायदा झाला आणि राष्ट्रीय चित्रपट नोंदवही सुरू झाली. १९८९ मध्ये त्या नोंदवहीत पहिल्या २५ चित्रपटांत १९७७ चा 'स्टार वॉर्स' होता. दुसरा २०१० मध्ये गेला आणि 'रिटर्न ऑफ द जेडाय' २०२१ मध्ये. राष्ट्राचा वारसा म्हणून ज्याची नोंद होते तो चित्रपट त्याच्या पहिल्या रूपात सामान्य माणसाला पाहता येत नाही, ही विसंगती १९८८ च्या लुकसना नक्कीच खटकली असती.

हा दूरच्या देशातला वाद म्हणून सोडून देता आला असता. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली ती शेवट बदलून. मूळ चित्रपटात नायक मरतो. या आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने त्याला जिवंत केलं गेलं. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष दोघांनी जाहीर विरोध केला, पण हक्क निर्मिती कंपनीकडे होते. आपल्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम कृतीची मोडतोड झाल्यास तक्रार करायचा हक्क कर्त्याला देतं, मात्र चित्रपटाचा कर्ता म्हणजे कायद्याच्या व्याख्येत निर्माता. दिग्दर्शकाने कुठे जायचं? १९८३ चा शेवट बदलायला लुकस यांना कुशल तंत्रज्ञांची फौज लागली होती. आता तेवढीही लागणार नाही. उद्या कुठलाही हक्कधारक बाजाराचा कल पाहून कुठलाही शेवट फिरवू शकेल, आणि काही वर्षांनी मूळ कोणता होता हेही लोक विसरतील.

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. 'शोले'चा मूळ शेवट आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावला होता. ठाकूर गब्बरला मारतो ते काढून पोलीस मध्ये आणले गेले. पन्नास वर्षांनी, २०२५ मध्ये, मूळ शेवटासह जतन केलेली प्रत इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. दोन्ही शेवट आता लोकांपुढे आहेत. मला व्यक्तिशः सूडाचा शेवट कमी पटतो, पण तो पाहायला मिळावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुण्यात २००३ च्या आगीत जुन्या चित्रपटांची नायट्रेटची रिळं जळाली तेव्हा काय गेलं हे ज्यांनी वाचलं आहे, त्यांना मूळ प्रत म्हणजे काय हे नव्याने सांगावं लागत नाही. आगीत गेलेलं परत आणता येत नाही. कपाटात कुलूप लावून ठेवलेलं आणता येतं.

'स्टार वॉर्स'च्या बाबतीत थोडी हालचाल दिसते आहे. २०२५ च्या जूनमध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात १९७७ ची मूळ प्रत पडद्यावर दाखवली गेली, आणि पन्नासाव्या वर्षानिमित्त २०२७ मध्ये पहिल्या चित्रपटाचं मूळ रूप चित्रपटगृहांत आणण्याची घोषणाही झाली आहे. पण पहिल्या चित्रपटातले बदल हे बहुतेक सजावटीचे आहेत. खरी मोडतोड झाली ती तिसऱ्याच्या शेवटाची, आणि तिसऱ्याची पन्नाशी २०३३ ला येते. तोवर थांबायचं काही कारण नाही. लुकसफिल्मने तिन्ही चित्रपटांची मूळ आणि बदललेली रूपं, वर्षं स्पष्ट लिहून, शेजारी शेजारी ठेवावीत आणि प्रेक्षकाला निवडू द्यावं. आणि आपल्याकडे कायद्यात दोन गोष्टी घालाव्यात: दिग्दर्शकाला चित्रपटाचा कर्ता म्हणून ५७ व्या कलमाखाली उभं राहता यावं, आणि शेवट बदललेली आवृत्ती विकणाऱ्यावर मूळ आवृत्ती त्याच ठिकाणी, त्याच किमतीत उपलब्ध ठेवण्याचं बंधन असावं.